वरातीची फियाट धावपट्टीवर

जळगाव

माझा धंदा लोकांना स्वस्थ बसवण्याचा आहे. स्टुडिओत आलेल्या माणसाला ‘हलू नका, मान जरा वर’ म्हणायचं आणि आपण मात्र कॅमेऱ्याभोवती घिरट्या घालायच्या. आमची मंडळी म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे खरी, पण ती एकाच जागी फिरते. तिचं म्हणणं मला झोंबतं, कारण ते खरं आहे. मी जळगावाबाहेर पडतो तो लग्नाचे फोटो काढायला, आणि माझी गाडी बाहेर पडते ती वरातीला.

गाडी म्हणजे वडिलांनी एका डॉक्टरांकडून घेतलेली जुनी फियाट, सायीच्या रंगाची. आमच्या भावकीत चारचाकी ही एवढीच. त्यामुळे भावकीतला प्रत्येक नवरदेव मारुतीच्या पारावरून मांडवापर्यंत हिच्यातूनच गेलेला आहे. पुढे बँड, बँडपुढे नाचणारी पोरं, आणि त्यांच्या मागे मी, पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून. पोरं हलली की गाडी हातभर पुढे, पोरांना जोर चढला की पुन्हा उभी. मागे नवरदेव बाशिंगाखाली घामाघूम होतो आणि पुढे मी मनातल्या मनात टॉप गिअर टाकत असतो. वर्षानुवर्षं हे चाललं आहे. कधीतरी समोरची सगळी माणसं, बैलगाड्या, सायकली आणि तो बँड बाजूला व्हावा आणि आपण गाडी एकदा पूर्ण दाबून बघावी, असं मला इतकं वाटायचं की रस्त्यानं चालतानाही उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

नव्वद साल उलटून गेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. फिल्मचे रोल घेऊन येणाऱ्या विक्रेत्यानं एक छापील कागद माझ्या काउंटरवर टाकला. नाशिककडच्या एका मोटार क्लबानं धुळ्याजवळची विमानाची धावपट्टी एका रविवारपुरती मागून घेतली होती. एरवी तिथे मंत्र्याचं विमान उतरलं तर उतरलं, नाहीतर शेळ्या चरतात. घरच्या वापराची कुठलीही गाडी आणा, म्हणत होते. कुणाशी शर्यत नाही, बक्षीस नाही. एकेकानं आपली गाडी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायची, तिथल्या पिंपांना वळसा घालून परत यायचं. पुन्हा नंबर लागला की पुन्हा जायचं. मी कागद वाचला आणि त्या दिवशी एका गृहस्थाचा पासपोर्टचा फोटो दोनदा बिघडवला.

खाली अटी होत्या. डोक्याला हेल्मेट हवं, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत, पायात बंदाचे बूट. ब्रेक ऑइल नवं, चाकांत हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त. पुढच्या दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टीची फुली, म्हणजे काच फुटली तर पट्टीवर सांडणार नाही. आणि शेवटची अट जाड अक्षरांत: गाडीत सुटी वस्तू एकही नको.

मी तयारीला लागलो. वरचं कॅरिअर काढलं. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, काचेपुढचा गणपती, सगळं घरात नेऊन ठेवलं. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीटसुद्धा काढली. हेल्मेटसाठी नशिराबादला बुलेटवाल्या मित्राकडे गेलो. त्याचं डोकं माझ्यापेक्षा बरंच मोठं निघालं. आत पंचा गुंडाळून ते मी बसवलं तेव्हा आमची मंडळी आरशातून माझ्याकडे बघत राहिली.

उस्मानभाई आमचा गाडीचा डॉक्टर. स्वभावानं किरकिरा, त्यात रोज्याचे दिवस होते. त्यानं ब्रेकचे लायनर बदलले, ऑइल बदललं, गाडी बाजारातून एक चक्कर मारून आणली आणि चावी माझ्या हातात न देता काउंटरवर आपटली.

“भाऊ, क्लचची प्लेट खतम आहे. बराती बराती करून तुम्ही खाल्ली.”

“मग नवी टाक.”

“मुंबईहून मागवावी लागेल. या प्लेटमध्ये आता एक काम बाकी आहे. बरात म्हणाल तर बरात होईल, दौड म्हणाल तर दौड. दोन्ही म्हणाल तर माझ्याकडे यायचं नाही.”

दौड रविवारी होती आणि वरात बुधवारी. नवी प्लेट त्यानंतर येणार, म्हणजे वरातीमागून घोडं.

आणि ही वरात साधी नव्हती. माझी थोरली बहीण, अक्का, पारोळ्याजवळच्या एका लहान गावात दिलेली. मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली होती. पदरी एकच मुलगी, उषा. शेती अक्काच बघायची, मुलीला दहावी तिनंच केलं, धुळ्याचं स्थळही तिनंच जमवलं. बापाच्या जागी मामा उभा राहणार, आणि नवरदेव मामाच्या गाडीतून मांडवात येणार, हे तिनं अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. दारातल्या मांडवापेक्षा तिला त्या गाडीचं कौतुक जास्त होतं. भाऊ आहे पाठीशी, हे गावाला दिसायचं ते त्या गाडीतून.

अक्का बस्त्याच्या खरेदीसाठी तेव्हा माझ्याकडेच उतरली होती. मी उस्मानभाईचा निकाल तिला जसाच्या तसा सांगितला आणि कागदही वाचून दाखवला. तिनं साड्यांच्या घड्या घालणं थांबवलं नाही.

“तुले जावानं शे ना?” ती म्हणाली.

“जायचंय. पण तू नको म्हणालीस तर नाही जाणार.”

“मी नको म्हनसू आनि तू लगीनमा तोंड पाडीसन फिरशी. त्यापेक्षा जा. मी बी येस संगे. गाडी मना डोयासमोर ऱ्हाई.”

शिवाय वाटेत एरंडोलला, पारोळ्याला पत्रिका द्यायच्या होत्या, धुळ्याला व्याह्यांकडे लग्नाचं मूळ, म्हणजे मानाचं आमंत्रण, द्यायचं होतं. एस.टी.त लोंबकळत जाण्यापेक्षा हे बरं, असा तिचा हिशेब. मी मुकाट्यानं मागची सीट परत बसवली.

एरंडोल

शनिवारी सकाळी निघालो. पुढे माझ्या शेजारी हेल्मेट, मागे अक्का, तिची पिशवी आणि पत्रिकांचा गठ्ठा. गिरणेचा पूल आला. खाली नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त होती आणि वाळूत कलिंगडांच्या वाड्या लागल्या होत्या. रस्ता मोकळा होता. मी गाडी टॉपमध्ये टाकली आणि जरा दाबली, तशी मागून पिशवी माझ्या खांद्यावर टेकली. अक्का ती तशीच टेकवून बसली. मी पाय सैल केला.

क्लच वाचवायचा म्हणजे थांबायचं नाही, आणि अक्काच्या पत्रिका म्हणजे थांबणंच. घोडामैदान जवळ होतं, पण प्रत्येक थांबा त्या प्लेटचा एक घास खाणार होता. एरंडोलला मी गाडी उतारावर उभी करायची जागा शोधत गल्लीतून फिरत राहिलो, म्हणजे निघताना नुसती सोडून दिली की चालू होईल. असा उतार सापडेपर्यंत तीनदा गाडी मागे घ्यावी लागली. उतार सापडला तेव्हा क्लचचा वास येत होता.

अक्काचे चुलतसासरे, आबा, ओट्यावर बसले होते. जळगावात आम्ही पाहुण्याला ‘चहा घेणार ना?’ म्हणून विचारतो आणि तो नको म्हणेल अशी आशा ठेवतो. इथे विचारत नाहीत. आम्ही टेकतो न टेकतो तोच ताटं आली. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार. मी घाईघाईनं खात होतो आणि गाडीकडे बघत होतो. आबांनी ते हेरलं.

“पळी नही जावाव ती,” ते म्हणाले. “सावकाश खा.”

खरी गोष्ट जेवणानंतर घडली. लग्नघरी निघालेल्या माणसाला आमच्याकडे रिकाम्या हातानं सोडत नाहीत. लग्नाच्या पंगतीला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी लागते, तेव्हा आबांनी मळ्यातली गंगाफळं काढून ठेवलीच होती. एकेक घागरीएवढं. ती डिकीत गेली. डिकी भरली तशी सीटखाली गेली. वर गव्हाचं एक पोतं. मी म्हणालो, “आबा, मला गाडी हलकी ठेवायचीय.”

“कसाले?”

“पळवायचीय.”

आबांनी अक्काकडे पाहिलं. अक्कानं जमिनीकडे पाहिलं. आबांनी आणखी एक गंगाफळ आणलं.

वाटेत अक्काच्या गावाचा फाटा लागतो. ती म्हणाली, हे सामान घरी टाकून पुढे जाऊ. पण फाट्यापासून गावापर्यंत खडीचा कच्चा रस्ता, चढाचा, त्यात एक नाला. त्या रस्त्यानं क्लचचा उरलेला जीव गेला असता. मी म्हणालो, परत येताना उतरवू. वजन वाचवायला निघालेला माणूस क्लच वाचवण्यासाठी वजन घेऊन चालला होता. माझ्या डोक्यात तेव्हा इतकी गणितं चालली होती की हे मला दिसलंच नाही.

पारोळे

पारोळ्याच्या अलीकडे एक वळण आहे. समोरून उसाची गाडी आली म्हणून मी ब्रेक लावला. नव्या लायनरनी असा काही पकडला की मी स्वतःवरच खूश झालो. आणि तेवढ्यात सीटखालून एक गंगाफळ गडगडत आलं आणि माझ्या पायांत बसलं. ब्रेक खाली दाबायचा तर गंगाफळ मध्ये. मी टाचेनं ते ढकलत होतो, अक्का मागून वाकून देठ पकडायला बघत होती, आणि गाडी बाभळीच्या सावलीत जाऊन आपोआप थांबली. त्या कागदातल्या जाड अक्षरांचा अर्थ मला तिथे पुरता कळला. पुढे अक्का ते गंगाफळ मांडीवर घेऊन बसली.

पारोळ्याला अक्काची नणंद. तिच्या अंगणात मांडे चालले होते. बाया उपड्या खापरावर हातावरून तो रुमालाएवढा पातळ मांडा टाकत होत्या. मी कॅमेरा आणला नव्हता, वजनासाठी. असा हळहळलो की विचारू नका. नणंदेनं माझी गाडी, दिव्यांवरच्या काळ्या फुल्या आणि सीटवरचं हेल्मेट बघितलं.

“कोठे जाई राहिनात?”

“धुळ्याला. गाडी पळवायला.”

“पळाडीसन कोठे पोहचनं शे?”

“कुठेच नाही. त्या टोकाला जायचं आणि परत यायचं.”

“मंग घाणाना बैल,” ती म्हणाली आणि खापरावर दुसरा मांडा टाकला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं, पण ते वाक्य पुढे धुळ्याच्या वाटेवरच्या मुकटीपर्यंत माझ्याबरोबर गाडीत बसून आलं. तिच्याकडून उडदाच्या पापडांचा डबा आणि ज्वारीच्या बिबड्यांची एक मोठी पाटी मिळाली. बिबड्या मोडू नयेत म्हणून अक्कानं काही हेल्मेटमध्ये रचल्या.

धुळे

धुळ्यात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात. आमच्या जळगावच्या गल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला इथे चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. व्याह्यांचं घर नव्या वसाहतीत होतं. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क. नीटनेटके, मऊ बोलणारे, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन. त्यांनी पाणी पुढे केलं. अक्कानं पेल्याला नुसता हात लावला. लेक जिथे द्यायची त्या घरचं पाणी आई पीत नाही, हे ती पाळायची. नव्वद किलोमीटर धूळ खाऊन आलेली बाई, ओठ सुकलेले, पण तिनं पेला उचलला नाही.

मूळ देऊन झालं. पत्रिकेला हळद-कुंकू लागलं. मग व्याही घसा साफ करून माझ्याकडे वळले.

“मामासाहेब, एक विनंती होती. वाईट वाटून घेऊ नका. आमच्या मुलाच्या मित्राची नवी मारुती आहे, पांढरी. मुलाची इच्छा आहे की वरात तिच्यातून निघावी. तुमच्या गाडीला उगाच त्रास कशाला? गाडी जुनी, त्यात तुम्ही एवढ्या लांबून येणार.”

ते खरोखर प्रेमानं बोलत होते. त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. मी म्हणालो, “छे छे, वाईट कसलं? बरंच झालं.”

आणि बरंच झालं होतं की. त्या प्लेटमध्ये एकच काम उरलं होतं आणि ते आता सगळं माझं होतं. मला आनंदानं उडी मारायला हवी होती. तिथे त्या सोफ्यावर बसून मला लख्ख कळलं की मला वाईट वाटलं आहे. जिला इतकी वर्षं शिव्या घातल्या ती वरात कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतली, तर ती मला हवी होती. अक्काकडे बघवेना. ती समोरचा पेला न्याहाळत बसली होती.

बाहेर आल्यावर तिनं गाडीचं दार स्वतः उघडलं, गंगाफळ उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “चाल.”

मुक्काम माझ्या ओळखीच्या एका फोटोवाल्याकडे होता. त्यानं शेवभाजी मागवली. एरवी धुळ्याच्या शेवभाजीपुढे मी मान वर करत नाही. त्या दिवशी तिखट आहे की खारट हेही कळलं नाही. अक्का तांब्याभर पाणी प्यायली.

“अक्का,” मी म्हणालो, “सांगत असशील तर मी उद्या नाही जात. इथूनच परत फिरू. गाडी धडधाकट गावात नेऊ, मांडवापुढे उभी करू. नवरदेव बसो न बसो, गाडी तर दिसेल गावाला.”

तिनं तांब्या खाली ठेवला. मला वाटलं ती हो म्हणणार.

“वाट दखत उभी ऱ्हाई का ती? कोन्ही बसनार नही आनि नुसती उभी?” ती म्हणाली. “नको. तू पळाड. आते पळाडच.”

तिला राग आला होता. माझ्यावर नव्हता, व्याह्यांवरही नसावा. आपण गावभर बोललो ते खोटं पडणार, ह्याचा तो राग होता. या कुशीवरून त्या कुशीवर होत मी पडून राहिलो.

धावपट्टी

रविवारी सकाळी पट्टीवर पोचलो. दूरवर लळिंगचा डोंगर, मध्ये सगळं सपाट माळरान, बाभळी आणि पिवळं पडलेलं कुसळी गवत. एका खांबावर वाऱ्याची दिशा सांगणारी कापडी नळी होती, फाटून चिंध्या झालेली. आणि तिच्या खाली ती पट्टी. काळी, रुंद, सरळ, शेवट दिसू नये एवढी लांब. एकही बैलगाडी नाही, कुत्रं नाही, माणूस नाही.

गाड्या बऱ्याच होत्या. मारुत्या होत्या, दोन अँबेसेडर होत्या, नाशिकची एक काळी चकचकीत गाडी होती जिच्याभोवती तरुण पोरं गुडघ्यांवर बसून चाकांची हवा मोजत होती. गाड्या तपासणारा इसम पुण्याचा होता, टोपी घातलेला, हातात पॅड. त्यानं ब्रेक बघितला, चाकं हलवून बघितली, दिव्यांवरच्या फुल्या बघून मान डोलावली. मग डिकी उघडली.

“काका,” तो म्हणाला, “हे काय आहे?”

“गंगाफळं.”

“सुटी वस्तू एकही नको, असं लिहिलं होतं आम्ही.”

“ती सुटी नाहीत, लग्नाची आहेत,” मी म्हणालो. तो हसला नाही.

मग गंगाफळं उतरली. गव्हाचं पोतं उतरलं, पापडांचा डबा उतरला, बिबड्यांची पाटी उतरली. शेवटी अक्का उतरली. हेल्मेटमधल्या बिबड्या तिनं पदरात घेतल्या. बाभळीखाली सगळा ढीग लागला आणि ती पोत्यावर बसली, डोक्यावर पदर, चेहरा पट्टीकडे. येणारा जाणारा, बाजार भरला आहे असं समजून, गंगाफळाचा भाव विचारत होता.

टोपीवाल्यानं शेवटी क्लच दाबून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. “एक फेरी मिळेल तुम्हाला, काका. फार तर.”

“एकच हवीय,” मी म्हणालो.

नंबर आला. झेंडा खाली गेला. मी क्लच अलगद सोडला, वरातीत सोडतो तसा, आणि फियाट निघाली. दुसरा. तिसरा. टॉप. मग उजवा पाय मी जो खाली नेला तो पत्र्याला टेकेपर्यंत, आणि तिथेच ठेवला. आधी नुसता आवाज वाढला. मग वारा आला. मग स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं आणि काटा, जो मी कधी उभ्याच्या पलीकडे गेलेला पाहिला नव्हता, तो पलीकडे कलला. आणि तेव्हा डॅशबोर्डखालची हवेची झडप, वर्षानुवर्षं अडकून बसलेली, धाडकन उघडली. आतून तांदूळ आले. जुन्या लग्नांच्या पिवळ्या पडलेल्या अक्षता, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, सोनेरी कागदाचे तुकडे. भावकीतली सगळी लग्नं माझ्या तोंडावर उडाली. दातांत तांदूळ आला. मी ओरडत होतो की हसत होतो, ठाऊक नाही. समोर बँड नव्हता. जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर कुणीही नव्हतं आणि मी खूप, खूप सुखी होतो.

ते टोक आलं. पिंपं आली. ब्रेक, दुसरा गिअर, वळसा. वळसा सुरेख झाला. आता परतीचा सरळ रस्ता. मी पाय दाबला आणि इंजिन किंचाळलं, पण गाडी गेली नाही. पुन्हा दाबला. पुन्हा नुसतं किंचाळणं, खालून जळका वास, आणि फियाट हळूहळू, अगदी वरातीच्या चालीनं पुढे सरकत सरकत उभी राहिली. उस्मानभाईचं एक काम झालं होतं, तेही अर्धंच.

मी काच खाली करून बसून राहिलो. आधीचं सुख एका क्षणात कुठे गेलं कळेना. आता फक्त एवढंच दिसत होतं की मी बहिणीला तिच्या लेकीच्या लग्नाच्या तोंडावर, गाडीभर गंगाफळांसकट, धुळ्याच्या माळावर आणून टाकलं आहे.

पट्टीच्या सुरुवातीच्या टोकाला काहीतरी गडबड दिसली. मग कळलं की कुणीतरी पट्टीवरून चालत येत आहे. मधोमध. तपकिरी लुगडं, हातात तांब्या. मागून टोपीवाला हात हलवत पळत होता, बहुतेक सांगत होता की इथे चालायचं नसतं. ती थांबली नाही. पुढच्या नंबरची काळी गाडी झेंड्यापाशी गुरगुरत उभी होती. सगळी पट्टी एका बाईसाठी थांबली. टोपीवालाही शेवटी पळायचा थांबला आणि तिच्या मागून चालू लागला.

ती आली, पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसली. ह्या गाडीत पुढे ती कधीच बसली नव्हती. मला तांब्या दिला. मी प्यायलो. तिनं माझ्या केसांतला एक तांदूळ काढला, बघितला, आणि बाहेर टाकला नाही, मुठीत ठेवला.

“गई का?” तिनं विचारलं.

“गेली. अक्का, माझं चुकलं. मी यायलाच नको होतं.”

“वरातले काय,” ती म्हणाली, “वरातले कोन्हीबी हळू जास. तेस्ले मारुती पाहिजे ते मारुती लई येवोत.” टोपीवाला काचेशी येऊन उभा राहिला होता, पण ती माझ्याशीच बोलत राहिली. “धुयाले दिधी मी पोर. आठे येवाले मना गावथून दोन ठिकाने गाडी बदलनी पडस. आखाजीले बठ्ठ्या पोरी माहेर येतीस. तिले भाऊ नही. तिले लेवाले कोन येई?”

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात सासुरवाशिणीचा तोच खरा सण. त्याला माहेराहून मुराळी येतो आणि तिला घेऊन जातो. भाऊ नसलेल्या मुलीला दाराकडे बघत बसावं लागतं. मी सगळा आठवडा एका प्लेटची चिंता करत होतो आणि ही शेजारी बसून ह्याची करत होती.

“मी येईन,” मी म्हणालो.

“येशी ते असाच ये,” ती म्हणाली. “तव्हय गाडी अशीच पळाड. आखाजीले निंघनेली पोर, तिना टाइम रस्तामा नको जावाले.” आणि ती रडायला लागली. टोपीवाल्यानं टोपी काढून हातात घेतली. मी तिचा हात धरून बसलो आणि माझाही धीर सुटला.

माघारी

गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून परत आली, अक्का आणि गंगाफळं टेम्पोतून. बुधवारी पांढऱ्या मारुतीतून नवरदेव आला, आणि मी पहिल्यांदाच वरातीच्या पुढे कॅमेरा घेऊन चाललो. गावात दोघातिघांनी विचारलं, मामाची गाडी कोठे शे? अक्कानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की ती आखाजीला येणार आहे. गंगाफळाची भाजी चांगली झाली होती.

प्लेट मुंबईहून आली. आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघून मी धुळ्याला पोचलो. व्याही जेवायला थांबा म्हणाले, मी उंबऱ्यातूनच नाही म्हणालो, जरा उद्धटपणेच. उषा शेजारी बसली. ऊन चढायच्या आत रस्ता मोकळा होता, आणि मुकटी मागे पडल्यावर मी पाय खाली नेला. ती एकदा माझ्याकडे बघून हसली आणि दाराची कडी घट्ट धरून पुढे बघत राहिली. पारोळं कधी आलं आणि गेलं ते आम्हाला कळलं नाही. खडीचा रस्ता, चढ, नाला, सगळं मी तसंच पार केलं.

अक्का अंगणात झाडत होती. झोक्याचा दोर अजून लिंबाला बांधायचा होता, पुरण चुलीवर चढलंही नव्हतं. गाडी बघून तिच्या हातातला झाडू तसाच राहिला.

“इतल्या लवकर कशा उनात?” ती म्हणाली. “मनी आंघोळबी नही व्हयनी.”

“मामानी पळाडी,” उषा म्हणाली, आणि पळत जाऊन तिच्या गळ्यात पडली.

अक्कानं तिला इतकं घट्ट धरलं की पोरीच्या हातातली पिशवी खाली पडली. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं, डोळे भरलेले, आणि म्हणाली, “पुढला वरीस यानाथूनबी लवकर या.”